बिनबक्षिसाची शर्यत

माझी मुलगी राजेश्वरी ट्रायथलॉनची व्यावसायिक खेळाडू. पोहायचं, अंग ओलं असतानाच सायकलवर बसायचं, उतरलं की पळायचं. तिन्ही एका दमात. पुण्यात राहून ती त्यावरच पोट भरायची. पोहायला मात्र शिकली आमच्या कोल्हारात, प्रवरेच्या बंधाऱ्यावर, पाठीला रिकामा डबा बांधून. डबा बांधणारा मीच.

मी टाळकरी. तीस वर्षांत गावच्या सप्ताहातलं एक कीर्तन चुकवलं नाही. मृदंगावर थाप पडली की मला घरदार आठवत नाही, हे मी अभिमानानं सांगायचो. आता जरा दबकत सांगतो.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या सकाळी, आमच्याकडे एक शर्यत असते. शाळेतून निवृत्त झालेल्या कल्याण सरांनी सुरू केलेली. बंधाऱ्यात पोहायचं, लोणीच्या रस्त्यानं सायकल हाणून परत यायचं आणि गावाला वळसा घालून पळत देवळाशी पोचायचं. पहिला कोण, शेवटचा कोण, कुणी लिहून ठेवत नाही. बक्षीस नाही. येईल त्याच्या हातावर काला पडतो, झालं.

मागल्या वर्षी राजी घरी आली ती या शर्यतीसाठीच. तिच्या उजव्या नडगीचं हाड दुखावलेलं, ते नुकतं कुठं भरून आलं होतं. पंधरा दिवसांनी समुद्रकाठी मोठी स्पर्धा होती, मोठ्या बक्षिसाची.

"हितं कशाला पळतीस?" काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी म्हणालो. "एखादं पोरगं तुझ्या म्होरं गेलं तर लोकं हसतील."

"हसू द्या की आप्पा."

"पन मिळतंय काय?"

ती ओट्यावर बसून नडगी चोळत होती. "हितं थांबता येतं. बक्षीस समोर असलं की मला थांबता येत न्हाई, दुखलं तरी. हितं दुखलं तर बसंन बाजूला. पाय कुठवर बरा झालाय ते तरी कळंल."

"मग एकटीच पळून बघ."

"एकटीला न्हाई कळत. म्होरं कुनी दिसलं की पाय आपसूक ओढतो, तवा खरं काय ते कळतं."

आतून तिची आई सत्यशीला म्हणाली, "पळू द्या की तिला. तुमी काय टाळ वाजवायचे पैसे घेता का?"

मी हसण्यावारी नेलं.

त्याच दुपारी कीर्तनकार महाराज आमच्याकडे चहाला आले. बोलता बोलता म्हणाले, "लहान वस्तीवर बिदागी नसते, म्हणून मी तिथं आवर्जून जातो. नवं निरूपण तिथंच पहिल्यांदा करून बघतो. चुकलं तर हात जोडतो आणि थांबतो. मोठ्या मंडपात थांबायची सोय नसते." मी मान डोलावली. "वा महाराज!" म्हणालो. सकाळी लेकीनं हेच सांगितलं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळचं कीर्तन रंगलं. आमच्याकडे पुढच्या वर्षीची पंगत कोण घालणार, त्याचं नाव कीर्तन संपताच मंडपात द्यायचं असतं. माझ्या गळ्यात टाळ तसेच. उठलो आणि माईक घेतला. "पुढल्या सप्ताहाची काल्याची पंगत माज्या राजेश्वरीच्या बक्षिसातून!"

मंडपानं विठ्ठलाचा गजर केला. बायकांमध्ये बसलेली राजी माझ्याकडे बघत राहिली. टाळ्या वाजवत नव्हती ती एकटीच.

काल्याच्या सकाळी मी तिला बंधाऱ्यावर जाऊ दिलं नाही. "आता पाय जपायचा. मंडपात शब्द गेलाय."

"शब्द तुमी दिला, आप्पा. पाय माजा हाय."

एवढंच बोलली आणि पुण्याला निघून गेली.

मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "पाय दुखतोय. उतरू का नको, कळंना." मी देवळातच होतो. म्हणालो, "माउली बघून घेईल." ती म्हणाली, "बरं."

माझी जबाबदारी मी माउलीच्या गळ्यात घातली. असं निरूपण कुणी महाराजांनी केलं नव्हतं, ते माझं मीच केलं होतं.

पोहताना, सायकलवर ती पुढे होती. पळताना, अर्ध्यावर, हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, पळेल, पण पूर्वीसारखी नाही. बूट देणाऱ्या कंपनीनं फोन घेणं सोडलं. राजीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

यंदा काल्याची पंगत मी घरच्या पैशातून घातली. पहाटेपासून शाळेच्या पटांगणात आमटीच्या कढया चढल्या होत्या. आणि राजी बंधाऱ्यावर, पोरांच्या रांगेत उभी होती.

मी स्कूटर काढून बंधाऱ्यावर आणि पुढं तिच्या मागोमाग गेलो. पाण्यातून ती सगळ्यांच्या आधी निघाली. सायकलवर चौघं पुढं गेले. पळताना तर शाळेतली सृष्टीही तिला ओलांडून गेली. "ताई, चला की!" म्हणून ओरडली. राजीनं पाय उचलला, दहा पावलं नेटानं टाकली. मग ती हळू झाली. देऊळ समोर दिसत होतं, फार तर दोन शेतं पलीकडं. तिथंच ती रस्त्याच्या कडेला खाली बसली.

मी स्कूटर टाकून धावलो. "राजी! काय झालं?"

"काय न्हाई. दुखायला लागलं, थांबले." घामेजल्या तोंडानं ती थोडीशी हसली. "बघा आप्पा, थांबता येतं."

तिच्या पायाशी बसलो, बुटाची नाडी सोडू लागलो. गाठ ओली होती, लवकर सुटेना.

देवळावरचा भोंगा खरखरला. "काल्याच्या पंगतीचे यजमान राधाकृष्ण आप्पा, महाराज सत्काराला थांबलेत, मंडपात या!" मागून मृदंगाची थाप ऐकू आली. काल्याचं कीर्तन उभं राहत होतं.

"जावा आप्पा. नाव पुकारत्यात तुमचं."

"पुकारू दे," मी म्हणालो.

भोंग्यानं पुन्हा दोनदा नाव घेतलं. मग माझ्यावाचून टाळ सुरू झाले. तिचा पाय मी मांडीवर घेतला. नडगीवरचा लांब व्रण मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो.