खंडेनवमीचा कॉम्प्युटर

“आन् रस्ता खोदताना केबल तुटली तर?” कोंडीरामने पुन्हा विचारलं.

“मोबाईलच्या नेटवर चालेल, काका. टेन्शन घेऊ नका.”

“टेन्शन घेऊ नका, याच्यापुढं काय शिकवलंच न्हाई का तुला?”

ज्ञानेश हसला. कोंडीरामच्या कुरुळीच्या शेडमधली बिलं, ड्रॉइंग, सगळं क्लाउडवर चढवून द्यायला तो आला होता. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असल्याने लेथ बंद होते. कोंडीराम ज्या कंपनीला पिना आणि बुश पुरवायचा, तिने यापुढे सगळं ऑनलाइनच होईल, असं कळवलं होतं. मुलगी दिव्या तर कधीची मागे लागली होती.

“माझं काम माझ्या शेडात हाय. ते तुमच्या मशिनीत नेऊन ठेवायचं, आन् उद्या तुमी भाडं वाढवून कुलूप घातलं, तर मी कुणाच्या दारात बसू?”

“बरोबर विचारताय. करारात लिहून घ्या. एक कॉपी इथेही ठेवा.” ज्ञानेशने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “पण आज याची दुसरी कॉपी कुठाय?”

कॉपी त्याची बायको सुभद्रा काढायची. दर गुरुवारी, शेड शांत असताना, पेनड्राइव्ह लावून बसायची. ती गेल्यापासून तिच्या खुर्चीत त्याने कुणाला बसू दिलं नव्हतं. दिव्या उभ्यानेच बिलं काढायची.

“आई गेल्यापासून एकपण कॉपी नाही, बाबा.”

“चालतोय ना? मग कशाला उकरून काढता?”

त्याचं बोलणं संपतंय तोच कॉम्प्युटर बंद पडला. कोंडीरामने त्याला दोन थपडा मारून पाहिल्या. उपयोग झाला नाही. ज्ञानेशने बाजूचा पत्रा उघडला आणि तो बघतच राहिला. आतला पंखा हळदी-कुंकवाने माखून जाम झाला होता. पात्यांत अक्षता अडकल्या होत्या.

“काका, हे काय?”

“खंडेनवमी,” दिव्या म्हणाली. “आई समोर बोटाने एकच टिळा लावायची. ती गेल्यावर बाबांनी वरच्या जाळीतून मूठभर ओतलं.”

“लेथवर टाकतो तसंच टाकलं!” कोंडीराम उसळला. “लेथला काय होत न्हाई. याचेच नखरे.”

“नशीब, आतला डेटा शाबूत असेल. पण असाच तापत राहिला असता, तर एक दिवस काहीच हाती लागलं नसतं. काकूंनी भरलेलंसुद्धा.”

कोंडीरामने वाकून पंख्याच्या पात्यातली एक अक्षता नखाने काढली.

“चढव,” तो म्हणाला. “पर दर गुरुवारी एक कॉपी हितं पायजे. दिव्या, उभी काय? बस खुर्चीत.”

दिव्या जपून टेकली. ज्ञानेशने ब्रशने अक्षता झटकल्या, पंखा मोकळा केला आणि ओलं फडकं घेऊन समोरची बाजू पुसायला वाकला. तिथे वर्षांवर वर्षं टिळ्यावर टिळा बसून तांबडं-काळं टेंगूळ झालं होतं.

कोंडीरामने त्याचं मनगट धरलं.

“आतलं काढ सगळं,” तो म्हणाला. “ते ऱ्हाऊ दे.”