दामल्यांची हातोडी

वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात आनंद दामल्यांनी बत्तीस वर्षं ओतीव लोखंडाचे भाग तपासले. हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत तडा. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, यांनी हातोडी मागून घेतली.

डोंबिवलीच्या घरात हॉलला जिप्समचं छत करायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी बाबुरावचं नाव पुढे केलं. मोहने गावातल्या शाळेत बाई शिकवायच्या, तेव्हा तो त्यांच्या वर्गात होता. ठेकेदाराची नोकरी सोडून त्याने स्वतःच्या जिवावर घेतलेलं हे पहिलंच काम. त्याने प्रत्येक सांध्यावर पट्टी चिकटवली, त्यावर लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, तीन हात दिले आणि दोन हातांमध्ये एक-एक दिवस थांबला. पंखासुद्धा लावू दिला नाही.

"वरून सुकतं, आत ओलं राहतं, मग तडकतं, साहेब."

दामल्यांना काम आवडलं होतं, पण तसं तोंडाने सांगतील तर ते दामले कसले! म्हणाले, "महिनाभर तडा गेला नाही, तर सोसायटीच्या हॉलचं काम तुला. कमिटीत शब्द टाकतो. गेला, तर विसर."

बाबुराव बाईंकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की दामले स्टुलावर. ठोकायचं, ऐकायचं, पेन्सिलीने छतावरच तारीख टाकायची, शेजारी 'ठीक' लिहायचं. पण जिप्सम कुठलं खणखणीत वाजायला! सोफ्याच्या बरोबर वरची छताची एक जागा तर त्यांना फारच बद्द वाटायची. तिथे रोज चार टोले जास्त.

"अहो, ते छत आहे, नारळ नव्हे," बाई म्हणायच्या.

"तुला त्यातलं कळत नाही, मंदा."

सत्ताविसाव्या दिवशी नेमका तिथेच तडा दिसला. काळजी करत होते तेच खरं ठरल्याचा आनंद दामल्यांना लपवता येईना. "बोलाव तुझ्या विद्यार्थ्याला!"

बाबुराव आला, वर चढला आणि बराच वेळ बघत राहिला. "सांधा इथून दोन फूट लांब आहे, साहेब," एवढंच हळू म्हणाला. मग मान खाली घालून, "भरून देतो मी. आणि हॉलचं... राहू द्या."

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी चष्मा चढवला, बाबुरावला खाली उतरवलं आणि सहासष्टाव्या वर्षी स्वतः स्टुलावर चढल्या. हजेरी घ्यावी तशा मोठ्याने वाचू लागल्या. "तीन तारीख, ठीक. चार तारीख, ठीक. पाच तारीख, ठीक..." शेवटच्या 'ठीक'पाशी थांबल्या. "तडा इथूनच निघालाय. आजूबाजूला टोल्यांचे खळगे. अक्षर कोणाचं ते मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

दामल्यांनी बाईंना हात देऊन उतरवलं आणि स्वतः वर गेले. बोटाने खळगे चाचपले. माणूस हेकट खरा, पण खराब माल त्यांनी जन्मात पास केला नव्हता. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी तड्याशेजारी लिहिलं: 'काम ठीक. तपासनीस नापास.' खाली तारीख, सही.

"चुकलं माझं, बाबुराव. हॉलचं काम तुझंच. आज कमिटीत सांगतो."

बाबुरावने डोळे पुसले आणि लांबी कालवायला घेतली. तडा भरला, घासला. मग रंगाचा ब्रश उचलला, तशा बाई मध्ये आल्या.

"अक्षरांवर रंग लावायचा नाही. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच लेखी मिळालंय."