आत्याची परीक्षा

पेनियामिना म्हाताऱ्याने पेन्सिल मोडून नर्सच्या तोंडावर फेकली आणि मधे पडलेल्या पोटच्या पोरीला, लविनियाला, असं थोबाडलं की तिचा ओठच फाटला.

"स्मृतिभ्रंश आहे," नर्स कागद आवरत म्हणाली. "घड्याळाचं चित्र जमेना, साधी वजाबाकी जमेना."

"दुसरीत शाळा सोडली त्यांनी. घड्याळ होतं कधी या घरात?" लविनिया रक्त थुंकली. "माझा बाप तापट आहे, वेडा नाही."

नर्स गेली. शिकलेला विसरला तर वय झालं, अडाणी विसरला तर रोग, असा यांचा न्याय. लविनियाला संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

दुपारी म्हाताऱ्याने कोयत्याने दोन डुकरं तोडली आणि तो जावयाच्या अंगावर धावला. जावई नीरफणसावर चढून बसला.

"तुझा बाप शहाणा असेल, तर मी इथे काय करतोय?" तो वरून ओरडला.

लविनियाने आत्याला बोलावणं धाडलं. टोंगात आत्याचा मान बापाहून मोठा. त्यातून बहीण घरात आली की भावाने उठून जायचं; वयात आल्यावर दोघं एका छपराखाली बसत नाहीत. ही मर्यादा बाबाने दारूच्या नशेतही मोडली नव्हती. आजही तो उठला, तर शहाणा. मग नर्सला काय बरळायचं ते बरळू दे.

मेलेसेनी आत्या दारात येऊन खाकरली. म्हातारा कोयता मांडीवर घेऊन चटईवरच बसून राहिला.

"बाबा, आत्या आलीय. उठा ना," लविनिया काकुळतीला आली.

"कोण ही भवानी?" म्हणत त्याने नारळाची करवंटी भिरकावली. ती आत्याच्या कपाळावर बसली.

आत्याने नुसत्या हातानेच रक्त पुसलं. लविनियाकडे तिने पाहिलं नाही. ती आत आली आणि म्हणाली,

"सरक जरा."

ती त्याला खेटून बसली. त्याच्या मांडीवरचा कोयता काढून तिने मागे लविनियाच्या हातात दिला. मग उकडलेला अळूचा कंद मोडून त्याच्या तोंडापाशी नेला.

"लहानपणी असाच भरवायचे मी याला," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने शहाण्या पोरासारखं तोंड उघडलं. लविनिया भिंतीला टेकून रडू लागली.