सुई उचलायच्या आधी

"गातंय का कोकलतंय त्ये, आदी ठरवा," बिरप्पा फोनोच्या कर्ण्याकडं बघत म्हणाला आणि त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

वेणीमाधवांनी कोटाची बटणं सोडली. एरवी ते कचेरीतले कारकून; पण रविवारच्या दुपारी, सात रस्त्याजवळच्या वीरभद्रप्पाच्या हॉटेलात, गाण्याचे न्यायाधीश होत. "तान आहे ती, बिरप्पा. नाटकातली. घरोघर लोक हे पद गुणगुणतात."

"गुनगुनत्यात व्हय? मेंढरू चुकल्यावर आमी आसंच वरडतो की. आमची न्हाई कुनी पलेट काढली."

घोंगड्या विकायला येणाऱ्या या धनगराला सगळे हसले. फोनोपाशी उभा असलेला धोंडीराम तेवढा हसला नाही. चावी देणं, सुई बदलणं, तबकड्या पुसणं हे त्याचं काम. मुंबईहून नवा माल येणार होता. जुन्या तबकड्या व्यापारी परत नेणार होता. त्यांतली एकच ठेवायची असं मालकानं ठरवलं होतं, सगळ्यांत चांगली.

"कुटली ठिवायची सांगा लवकर," वीरभद्रप्पा गल्ल्यावरून म्हणाला. "वाद साकु, पुरे आता."

"जात्यावरची," बिरप्पा म्हणाला. "धोंडीबा, लाव ती."

धोंडीरामनं ती तबकडी गठ्ठ्यातून काढली, पण लगेच लावली नाही.

त्या तबकडीत त्याची बायको होती. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. कंपनीची माणसं यंत्र घेऊन गावात उतरली, तेव्हा बना धर्मशाळेत त्यांच्या स्वयंपाकासाठी दळत होती. बोलावलेल्या बाईचा घसा बसला, मेणाची एक तबकडी कोरी राहिली, म्हणून जात्यावरच्या बनालाच त्यांनी कर्ण्यापुढं बसवलं. घरच्या बाईनं फोनोच्या पेटीत गाणं म्हणजे चारचौघांत मान खाली. तबकडी होऊन आली तेव्हा मान खाली घालायला बना उरली नव्हती. तापानं नेली. तबकडीवर फक्त 'ओव्या' असं छापलेलं होतं.

पण गाणाऱ्या बाया तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगत. बनानंही सांगितलं असेल, गावाला कळेल, या धास्तीनं शेवटची ओवी संपता संपता धोंडीराम सुई उचलून घेई. त्यापुढचं त्यानं स्वतःही कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं तबकडी ठेवली. आधी नुसती खरखर, भरड दळण पडावं तशी. मग आवाज आला.

*सरलं दळण बाई, सुपात एक दाणा*
*त्येवढ्यासाठी जातं माझं करी गं बहाणा…*

कर्ण्याच्या काठावर बसलेली माशी उडाली.

"गोड आहे," वेणीमाधव हळूच म्हणाले. "पण निनावी. जिला नाव नाही ती पहिली कशी यायची?"

"पुडं आसंल की नाव. ह्योच उचलतो सुई," बिरप्पा म्हणाला.

"झिजती, रावसाहेब," धोंडीराम म्हणाला.

"झिजू दे. आज ऐकायचंच." वेणीमाधवांनी त्याचं मनगट धरलं.

ओवी संपली. धोंडीरामनं हात सोडवून पाहिला, सुटेना. या गडबडीत चावी उतरत आली होती. तबकडी मंदावली, डगमगू लागली. अशा वेळी आवाज खाली बसतो, रेड्यासारखा होतो, हे तिथं रोज येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकणं किणकिणली. कुणीतरी श्वास घेतला. आणि तबकडी थांबता थांबता, जराही न बसलेल्या, अगदी शेजारून आल्यासारख्या आवाजात शब्द आला.

"धोंडीराम."

तबकडी थांबली.

वीरभद्रप्पाच्या हातातली किटली कलली, चहा गल्ल्यावर सांडत राहिला. सगळे धोंडीरामकडे बघत होते. वेणीमाधवांनी त्याचं मनगट सोडलं.

"कोण होती?" त्यांनी विचारलं.

"घरातली."

"यंत्रवाल्यानं नाव विचारलं असेल," वेणीमाधव स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले. "बायकांचं नाव म्हणजे नवऱ्याचं, असं वाटून तिनं…"

"जितेपनी कदी न्हाई घेतलं," धोंडीराम म्हणाला. "आवो म्हनायची. इहिरीत पाय घसरला तवाबी आवोच वरडली. माजं नाव तिच्या तोंडात कसं लागंल, म्हाईत न्हवतं मला."

"धोंडीबा," बिरप्पा उठला. त्याचा आवाज बदलला होता. "ओ देऊ नगंस. एकच हाक आली तर ओ देत न्हाईत, ती मेल्याल्याची आसती. ऐक माजं."

धोंडीरामनं सुई उचलून बाजूला केली. खांद्यावरचा पंचा काढून तबकडी पुसली, त्याच पंच्यात गुंडाळली आणि छातीशी धरली. कुठली ठेवायची, कुठली द्यायची, हे त्याला कुणी विचारलं नाही. मालकानं नुसती मान डोलावली.

"आलो," तो म्हणाला. त्यांच्यातल्या कुणाशीही नाही.

पायऱ्या उतरून तो रस्त्याला लागला. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. दुकानांच्या कडेनं सावलीची अरुंद पट्टी तेवढी होती, आणि ती रिकामी होती. धोंडीराम तिच्या अलीकडून, उन्हातून चालला होता. सावलीची बाजू मोकळी ठेवून, पावलं कुणाच्या तरी बेतानं टाकत.