डिझेलची शिंक

डिझेल ट्रकला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की ऐकून माझेच कान किटलेत.

पेट्रोलच्या गाडीत हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय उचलला की ती मिटते, टर्बोने दाबलेली हवा कोंडते आणि तिला बाहेर काढायला हा व्हॉल्व्ह लागतो. डिझेलमध्ये सहसा ही भानगडच नसते. पण ड्रायव्हरांना आवाज हवा असतो. पाय उचलला की फुस्स झालं पाहिजे आणि रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून बघितलं पाहिजे. त्याला ते शिंक म्हणतात. ‘गाडीला शिंक बसवून द्या’ म्हणत येतात, आणि मी नाही म्हटलं की समोरच्या गॅरेजात जातात. शेवटी मीही हात टेकले. हवेच्या पाइपात विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह बसवायचा, पेडलखाली एक बटण लावायचं, मधे वायर ओढायची. बसवतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो.

पण या असल्या थेरांसाठी मामा येतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. जन्म ट्रकवर गेला. इतर ड्रायव्हर त्यांना ‘सावकाश’ म्हणतात, कारण कुणी घाई केली की यांचं एकच उत्तर. केबिनमध्ये कुणाला रेडिओ लावू द्यायचे नाहीत. मीटरच्या काट्याकडे न बघता, इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकायचे. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. असा माणूस माझ्यासमोर उभा राहून शिंक मागत होता. मी म्हटलं, मामा, या वयात? त्यावर म्हणाले, परवापासून घाटाची फेरी मिळालीय, त्याआधी बसव, आणि मोठ्या आवाजाची बसव. पुढे एक शब्द बोलायला तयार नाहीत.

बसवली. मामा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, आवाजच येत नाही.

वायर बघितली, बटण बघितलं, सगळं ठीक. पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती शोधली, तीही नाही. मोठा व्हॉल्व्ह घातला. मामा पुन्हा गेले, पुन्हा आले. जरासा येतो म्हणाले. मग मी सगळा राग गॅरेजातल्या वायरमनवर काढला. तो बिचारा म्हणाला, मी नाक्यावर उभा होतो, तिथवर चांगला ऐकू आला. मी त्याला गप्प बसवलं. मामा खोटं कशाला बोलतील?

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा मोठा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. हवा निसटत होती, चढावर ओढ कमी पडणार हे उघड होतं. भरलेला ट्रक, घाट आणि अर्धमेली ओढ. मी मामांना हे समजावून सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. ज्या माणसाने एका ढिल्या बोल्टसाठी मला अख्खा दिवस उन्हात उभं केलं होतं, त्याला आता ओढीचं काही वाटेना. तिसऱ्यांदा मी व्हॉल्व्ह काढला, दुसरा घट्ट मिटणारा घेतला आणि थेट केबिनच्या मागच्या पत्र्याला लावला, तोंड सीटकडे करून. म्हटलं, घ्या आता. आणि या वेळी स्वतः शेजारी बसलो.

गॅरेजच्या पुढे पुलाचा चढ आहे. ट्रक भरलेलाच होता. अर्ध्या चढावर इंजिन चांगलं तापलं, मामांनी पाय उचलला आणि माझ्या कानठळ्या बसल्या. मी दोन्ही हातांनी कान झाकले. फुटपाथवरची एक बाई दचकून भिंतीला टेकली.

मामा माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, आता जरा बरा येतोय, अजून थोडा वाढव.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. तेवढ्यात कडेने एक मोटरसायकलवाला पुढे यायला बघत होता. हॉर्नवर हॉर्न देत होता. आणि मामा शांतपणे त्याच्याच बाजूला ट्रक दाबत चालले होते. मी झडप घालून स्टिअरिंग ओढलं. मोटरसायकलवाला शिव्या देत निसटला. मामांना तो दिसला तेव्हा त्याची पाठ दिसली.

आम्ही गॅरेजवर परत आलो. त्यांनी फाटकात गाडी उभी करून इंजिन बंद केलं. समोर चार-पाच ड्रायव्हर आपापल्या गाड्यांची वाट बघत बसले होते, सगळे मामांच्या हाताखालून गेलेले. मामांनी खिडकीतून त्यांना हात केला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“इंजिन ऐकू येईनासं झालंय. आधी वाटलं, गाडीच सुधारली. मग गिअर खरवडायला लागले. म्हटलं ही शिंक तरी कळेल. किती जोरात शिंकली त्यावरून गाडी किती दमली ते समजेल.”

इतका वेळ मी व्हॉल्व्ह बदलत होतो. मला माझाच भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त मामांचा. मामीला माहीत आहे का, मालकाला माहीत आहे का, हे विचारणं बाजूलाच राहिलं. फक्त त्या मोटरसायकलवाल्याचं हेल्मेट डोळ्यांसमोर येत होतं. ते आमच्या बंपरच्या अगदी जवळ होतं.

समोरच्यांना कळू नये म्हणून मी त्यांच्याकडे वाकून हळूच म्हटलं, “मामा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही.”

“काय?”

थोडं मोठ्याने म्हटलं. मामांनी हात कानामागे नेला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले. समोरचे ड्रायव्हर इकडे बघायला लागले होते. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘काय’. मला ही गोष्ट कानात सांगायची होती, तेवढा तरी मान त्यांचा ठेवायचा होता, आणि तेवढंही जमत नव्हतं. शेवटी मी ओरडलो.

“तुम्हाला ऐकू येत नाही, मामा. उद्यापासून गाडी बंद.”

वायरमनच्या हातातला पाना थांबला. बाकड्यावरचे ड्रायव्हर उठून उभे राहिले आणि मग कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघायला लागले.

मामांनी किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “ऐकू आलं,” ते म्हणाले. “आता सगळ्यांनाच आलं.”