खालचा पलंग

सोनुबाईला एका जागी स्वस्थ बसणं जन्मात जमलं नव्हतं, पण त्या आठ दिवसांत तिने कहर केला. चौकला जुन्या हायवेच्या कडेला तिची चहा-भजीची टपरी. तिथल्या बरण्या ती दिवसातून चारदा पुसायची, पुसलेला ओटा परत पुसायची, गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत त्याच्या हातातला कप मागायची. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून नवरा बुधाजी हे सगळं बघत होता आणि टायरात तोंड घालून गप्प होता. बायकोचं डोकं कशाने फिरलंय हे त्याला ठाऊक होतं. मध्ये पडलो तर आपलीच शोभा होईल, एवढी अक्कल त्याला संसारात आली होती.

कारण घरातच होतं. एकुलती एक लेक जागृती, वय वर्षं चोवीस, खोपोलीला एका ऑफिसात नोकरी. ती अठरा दिवस एकटी फिरायला निघाली होती. गोकर्ण, मग कोची, मग कन्याकुमारी. आणि राहणार कुठे, तर हॉस्टेलात.

"हॉस्टेलात? परत शाळंत चाललीस का काय?" सोनुबाईने विचारलं होतं.

"तसलं नाही गं. फिरणाऱ्यांचं हॉस्टेल. एका खोलीत सहा-आठ पलंग असतात. आपण एक घ्यायचा."

"नि बाकीच्यांवर कोण?"

"दुसरे फिरायला आलेले."

झालं. सोनुबाईचा पारा चढला. फिरायला निघालेली माणसं तिला कोणी शिकवायला नको होती. वीस वर्षं ती त्यांनाच चहा पाजत होती. गाडीतून उतरल्या उतरल्या भांडणारी, पत्रावळी रस्त्यावर भिरकावणारी, काउंटरवरच्या बाईला खालून वर न्याहाळणारी. चार भली असायची, नाही असं नाही, पण भल्यांची आठवण कोण ठेवतं! त्या असल्या माणसांत आपली पोर रात्री झोपणार!

"आई, आधी ऐक तर, मी दोन..." जागृती म्हणाली होती.

"मला काय ऐकायचं नाय! जायचं तर जा. मला विचारू नको नि मला काय सांगू पण नको."

जागृतीने आईचं म्हणणं तंतोतंत पाळलं, हीच तर पंचाईत झाली. त्या दिवसापासून पोरगी कामावर जायची, यायची, जेवायची, ताट धुवायची आणि एक अक्षर बोलायची नाही. कोपऱ्यातली पाठपिशवी मात्र रोज थोडी थोडी फुगत होती. शुक्रवारी संध्याकाळी पनवेलहून गाडी होती, हेसुद्धा सोनुबाईला बुधाजीकडून कळलं. आपण होऊन बोलायचं तर नमतं घ्यावं लागणार, आणि न बोलता पोर गेली तर अठरा दिवस काढायचे कसे? गुरुवार उजाडला तरी तिचं काही ठरेना.

शेवटी तिने ठरवलं ते भलतंच. ते हॉस्टेल म्हणतात ते असतं तरी काय, हे आपल्या डोळ्यांनी बघून यायचं. जमलं तर एक रात्र राहूनच. पळसदरीला धरणाच्या वाटेवर एक निघालंय, असं टपरीवर येणाऱ्या पोरांच्या तोंडून तिने ऐकलं होतं. बुधाजीला सांगितलं, "दहिवलीला ललिताकडं जाते, तिचं अंग दुखतंय." ललिता म्हणजे धाकटी बहीण. ती बिचारी ठणठणीत होती.

कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिची रीत. म्हणून तिने चार तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधली, आधार कार्ड पिशवीत टाकलं आणि निघाली. चौकहून कर्जत, तिथून दुसरी रिक्षा. सारी वाट ती सीटच्या कडेला बसली होती. रिक्षावाल्याने दोनदा सांगितलं, "मावशे, नीट बस, पडशील."

हॉस्टेल म्हणजे एक दुमजली घर होतं, बाहेरून पिवळं रंगवलेलं. ओटीवर बांबूच्या खुर्च्या, दोरीवर वाळत घातलेले पंचे. टेबलामागे एक चुणचुणीत बाई बसली होती. सुप्रिया तिचं नाव, व्यवस्था तीच बघायची.

"एक रात्र राहायचंय," सोनुबाई म्हणाली.

"आधार कार्ड द्या, मावशी."

आता आपल्याकडे नवख्या दारात उभं राहिलं की माणूस काय करतं? आपलं गाव सांगतं, माहेर सांगतं, ओळखीचं कुणी निघतंय का बघतं. एकदा ओळख निघाली की दार आपोआप उघडतं. सोनुबाईनेही तेच केलं.

"मी चौकची. माझं माहेर दहिवली. इथं पळसदरीत माझी आत्तेबहीण दिली होती. तुमी कुठल्या?"

"मी कर्जतचीच," सुप्रिया म्हणाली, आणि कार्ड तिने परत सोनुबाईच्या हातात ठेवलं. "पण मावशी, खोली नाही देता येणार. लोकल आयडी आम्ही घेत नाही."

"म्हंजे?"

"इथल्या आसपासच्या माणसांना आम्ही बेड देत नाही. नियमच आहे."

सोनुबाईला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. तिने जोर लावला. आत्तेबहिणीचं घर कुठलं ते सांगितलं, दहिवलीतल्या तीन घरांची नावं घेतली, लहानपणी ह्याच वाटेने चालत आल्याचंही सांगून टाकलं. जितकी ती इथली ठरत गेली तितकी सुप्रियाची मान नकारार्थी हलत गेली.

"अगं, म्हंजे परक्याला जागा नि घरच्याला नाय? हा कुठला न्याय गं?"

"इथली पोरं घरच्यांना चोरून पार्टी करायला येतात, मावशी. दारू पितात, धिंगाणा घालतात, बाकीच्यांना त्रास होतो."

"मी दारू पिऊन धिंगाणा घालीन असं वाटतंय तुला?"

सुप्रियाला हसू आवरेना. सोनुबाईच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं की लाजेने, तिचं तिलाच कळलं नाही. एवढं खोटं बोलून आलो आणि उंबऱ्यावरून परत? ती मटकन पायरीवर बसली, मग उठली, मग परत बसली.

"माझी पोर चाललीय उद्या," ती म्हणाली. "असल्याच ठिकाणी राहणार हाय. मला नुसतं बघायचं होतं, ती झोपणार कुठं ते."

सुप्रिया उठली. "मग बघा की. राहता येणार नाही, पण बघायला कोण अडवतंय? या."

वर बायकांची खोली होती. सहा पलंग, एकावर एक असे, लोखंडी. प्रत्येकाला पडदा, उशाशी छोटा दिवा, पायाशी लोखंडी कपाट. सोनुबाईने सगळं हाताने चाचपून पाहिलं. गादी दाबली. खिडकीचे गज मोजले. दाराची कडी दोनदा लावून काढली. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून आली.

"कपाटाला कुलूप कुठाय?"

"ते ज्याचं त्याने आणायचं. निम्मी लोकं विसरतात."

"नि पडदा?"

"पडदा ओढला की त्या माणसाला हाक मारायची नाही. एवढ्या लोकांत तेवढाच एक कोपरा आपला."

खिडकीशी एक मुलगी पाय सोडून बसली होती. अमरावतीची, नाव हर्षला. दीड महिना अशीच फिरत होती म्हणे. सोनुबाईने काही न विचारता फडकं सोडलं आणि भाकरीवर चटणी घालून तिच्या हातात दिली. खोलीभर सुकटीचा वास सुटला. सुप्रियाने नाक मुरडत खिडकी सताड उघडली, आणि मग स्वतःही अर्धी भाकरी घेतली.

"भ्या नाय वाटत गं?" सोनुबाईने हर्षलाला विचारलं.

"वाटतं ना काकू. पहिल्या रात्री झोपच येत नाही. कोणी घोरतं, कोणी पहाटेच पिशव्यांचा खसखस आवाज करतं. कधी आपला ओला टॉवेल दुसरीच वापरून बसते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याचबरोबर चहा प्यायला जातो आपण. एकदा मला ताप आला होता, तर एक केरळची बाई रात्रभर उशाशी बसली. मला तिचं नावही नीट म्हणता येत नव्हतं."

"आईला सांगितलंस?"

हर्षला भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "फोन रोज करते. पण सांगते अर्धंच. सगळं सांगितलं तर तिला झोप लागणार नाही. आणि नाही सांगितलं की मला लागत नाही."

सोनुबाई उठून उगाच पलंगावरची चादर नीट करू लागली.

"गुडघे दुखतात का हो मावशी?" सुप्रियाने विचारलं. "बसता-उठता हात टेकताय."

"व्हय. भज्याच्या कढईम्होरं उभं राहून राहून."

"मग तुम्हाला खालचाच बेड लागला असता. मघाशी तुम्ही चौक म्हणालात तेव्हाच आठवलं होतं. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती चौकहून. तिलाही मी असंच परत पाठवणार होते. पण तिला राहायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. किती विचारावं! तासभर डोकं खाल्लं माझं."

"काय विचारीत होती?"

"आईला घेऊन जायचंय म्हणाली. आईचे गुडघे दुखतात, तर सगळीकडे खालचा बेड मागून मिळतो का? संडास कसला असतो? आई घरून सुकटीची चटणी आणल्याशिवाय राहणार नाही, वासावरून कोणी काही बोलेल का? आई पहाटे चारला उठते, उठून झाडायलाच घेईल, तर लोक चिडतील का? आईने म्हणे एकवीरेच्या पलीकडे काही बघितलेलं नाही. नोकरी लागल्यापासून त्या मुलीच्या मनात होतं. दोन तिकिटं काढणार होती."

चौकची पोर, आईचे दुखरे गुडघे, सुकटीची चटणी; हे सगळं दुसऱ्या कुठल्या घरात जुळणार? सोनुबाईला आणखी काही विचारावं लागलं नाही. "आई, आधी ऐक तर, मी दोन..." पोर दोन तिकिटं म्हणत होती. आणि आपण तिच्या तोंडातला शब्द तोडून टाकला. तिचा जीव असा काही कळवळला की ती होती तिथेच, खालच्या पलंगावर बसली. बसली ती बसलीच. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातांना काही काम सुचेना.

"मावशी, बरं वाटत नाही का?"

"बराय पलंग," सोनुबाई म्हणाली. "चांगला हाय."

उरलेल्या भाकऱ्या तिने हर्षलाकडे ठेवल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग जी सुटली ती रिक्षा मिळेपर्यंत धरणाच्या वाटेने चालतच राहिली. गुडघे ओरडत होते. ओरडू दे, म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. जागृती जमिनीवर बसून पाठपिशवी भरत होती. तिने वर बघितलं नाही. सोनुबाई तशीच टपरीवर गेली, सामानाच्या पेटीचं पितळी कुलूप किल्लीसकट काढलं आणि आणून लेकीच्या पुढ्यात ठेवलं.

"कपाटाला कुलूप आपलं आपल्याला न्यायचं असतं. लोकं विसरतात."

जागृतीचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"नि टॉवेल आपल्याच पलंगाला बांधायचा. नायतर दुसरीच घेती." सोनुबाईने किल्ली कुलपात फिरवून दाखवली. "दुसरं तिकीट काढलं होतंस का गं?"

जागृतीने कुलूप उचलून पाठपिशवीत टाकलं. आईच्या पदराला घामाचा आणि धुळीचा वास येत होता.

"काढलं होतं. तू बोललीस त्याच रात्री रद्द केलं."

सोनुबाईने मान हलवली. हे तिला रिक्षातच कळून चुकलं होतं, तरी ऐकताना लागायचं ते लागलंच. ती हळूच खाली बसली, गुडघ्यावर हात टेकून, आणि लेकीचे कपडे घडी घालायला घेतले.

"मी फोन करीन रोज," जागृती म्हणाली. "सगळं छान आहे, एवढंच सांगेन. तुला त्रास नको."

"नाय." सोनुबाईने घडी घातलेला कुडता मांडीवर दाबून धरला. "अर्धं नको सांगू गं. कोण घोरलं, कोण भांडलं, ताप आला तर ताप आला, सगळं सांग. मला झोप नाय लागली तरी चालंल."