मुखपृष्ठावरचं नाव

तैवानमधल्या ताइनानच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या गणिती विश्लेषणाला कोणतं पुस्तक लावायचं, यावर खांग सरांचा आणि माझा अख्खा उन्हाळा गेला. अमेरिकन पुस्तक पोरं नुसती घोकत, कळत कुणालाच नसे. जपानी पुस्तक झकास, पण ते वर्गात नेलं की जपानधार्जिणे म्हणून वरून विचारणा ठरलेली. उरलं एकच. लिमिट म्हणजे काय, हे त्यात इतकं सोपं करून सांगितलं होतं की इतकी वर्षं आपण काय शिकवलं, असं वाटून मला माझाच राग आला. पण त्याचा लेखक समुद्रापलीकडे चीनमध्येच राहिलेला, कम्युनिस्टांच्या राज्यात. असलं पुस्तक घरात सापडलं म्हणून माणसं उचलून नेत.

"नाव बदलून छापू," खांग सर म्हणाले. "सगळेच छापतात."

छापखानेवाल्याने मुखपृष्ठावर एक बनावट नाव टाकून दिलं.

सत्र सुरू झालं आणि कॉलेजवर नजर ठेवायला नेमलेले मेजर मुंग एक दिवस स्टाफरूममध्ये आले. तेच पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे लेखक कोण हो? माझ्या पोरीला पहिल्यांदाच गणित कळायला लागलंय. भेटायचंय त्यांना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलून गेले, "हे काय, खांग सरच की, समोरच बसलेत! टोपणनाव आहे. लाजतात सांगायला."

"अरे वा! भलतेच मुरलेले निघालात की!" मेजर हसले आणि त्यांनी पेन पुढे केलं. "मग सही करा पोरीसाठी. खऱ्या नावाने. आणि खाली 'लेखक' असं लिहा."

सरांनी लिहिलं. मेजरांनी शाईवर फुंकर मारली, पुस्तक काखोटीला मारलं आणि दारापाशी वळले.

"छान लिहिता हो. समुद्रापलीकडे नानजिंगला शिकत होतो ना, तेव्हा हेच पुस्तक होतं मला. नाव तेवढं वेगळं होतं."

ते गेले. सरांना वाचवायला मी गेले आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा मीच मेजरांच्या हातात दिला.

तेवढ्यात तासाची घंटा झाली. सर टेबलाला धरून उठले.

"लाय मॅडम, आता वर्गात कुठलं पुस्तक नेऊ?"

"हेच," मी म्हणाले. "आज बदललंत तर तोच कबुलीजबाब होईल."

सर पुस्तक घेऊन वर्गात गेले. त्यांना न्यायला कुणी वर येतंय का, म्हणून तास संपेपर्यंत मी जिन्याकडे डोळे लावून बसले.